अपुऱ्या उजेडांतील कुस्ती

गेल्या आश्विनांत एके दिवशीं सकाळीं एक जुना विद्यार्थी आमच्या दाराशीं येऊन उभा राहिला. वेल्हें तालुक्यांतील ज्या लहानशा गांवीं आम्हीं नऊ वर्षें शाळा चालविली, तेथला हा मुलगा. मुलगा म्हणतों तें संवयीनें. त्याच्या कानशिलांवरील केंस आतां पांढरे झाले आहेत. त्याची थोरली कन्या भोरास महाविद्यालयांत शिकते, आणि तेथें भरणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन कुस्त्यांत ती 53 किलो वजनाच्या गटांत उतरणार होती. "गुरुजी, पोरीचे फोटो तुम्हींच काढा," तो म्हणाला. चष्मा पुसण्याच्या निमित्तानें आम्हीं क्षणभर गप्प राहिलों. कारण याच मनुष्याचा कुस्ती खेळतांनाचा एक फोटो आम्हीं पूर्वीं काढला आहे, आणि त्या फोटोपायीं तो ती कुस्ती हरला आहे. ती हकीकत पुढें येईलच.

भोर आणि वेल्हें हे दोन्ही तालुके वाचकांपैकीं पुष्कळांस गडांमुळें ठाऊक असतील. राजगड आणि तोरणा वेल्ह्याकडे. 2024 सालीं तर त्या तालुक्यास राजगड हेंच नांव देण्याचा निर्णय शासनानें घेतला. भोर हें 1948 पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. गोवळकोंड्यास हत्तीशीं झुंजल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयीं सांगतात, ते येसाजी कंक याच मुलुखांतले. भाटघरच्या धरणामागील जलाशयास त्यांचेंच नांव दिलेलें आहे. अशा मुलुखांत यात्रेच्या दिवशीं कुस्त्या न झाल्या तरच नवल. चैत्र-वैशाखांत, तिसऱ्या प्रहरीं, गांवाबाहेरच्या शेतांत तांबडी माती खणून, तींत ताक, तेल आणि हळद मिसळून केलेला तो आखाडा, भोंवतीं बसलेले लोक, हलगीचा कडकडाट, आणि वर लखलखीत ऊन. तेथें छायाचित्र काढणें हें कांहीं मोठें कसब नव्हे. सूर्यनारायणच निम्में काम करून देतो.

महाविद्यालयाच्या कुस्त्यांचें तसें नाहीं. त्या छपराखालीं, मॅटवर होतात. मॅट म्हणजे जाड, मऊ बिछायत. बारा मीटर लांब व तितकीच रुंद, आणि तिच्यावर नऊ मीटर व्यासाचें वर्तुळ आंखलेलें. एक मल्ल तांबड्या पोशाखांत, दुसरा निळ्या पोशाखांत. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्यें अर्ध्या मिनिटाची विश्रांति. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां मातींत वाढलेल्या त्या मल्लास ही मॅट नवीनच होती. चार वर्षांनीं, 1952 सालीं, हेलसिंकीस त्यांनीं त्याच मॅटवर कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हांपासून आपल्याकडील मुलांनीं मॅट आपलीशी केली आहे, आणि अलीकडे मुलींनींहि. ज्या तालमींच्या उंबऱ्याच्या आंत स्त्रियांस पाऊल टाकूं देत नसत, त्याच महाराष्ट्रांत 2023 सालीं सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आमच्या वडील पिढींतील कोणी हें ऐकतें तर पानावरून उठून गेलें असतें. आम्हीं मात्र कॅमेरा घेऊन गेलों.

आतां उजेडाची गोष्ट. सभागृहांत शिरतांना मनुष्यास प्रथम अंधारल्यासारखें वाटतें, आणि पांच मिनिटांनीं कांहींच कमी आहेसें वाटत नाहीं. डोळ्याची बाहुली विस्तारते आणि आपली समजूत घालते. कॅमेरा असा समजूतदार नाहीं; तो हिशेब मागतो. आम्हीं शिक्षक असल्यामुळें हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा मांडतों. भर दुपारच्या उन्हांत, आयएसओ 100 ठेवून व भिंगाचें छिद्र एफ 16 इतकें बारीक करून, सेकंदाच्या सव्वाशाव्या भागांत चित्र नीट उठतें. भोरच्या त्या सभागृहांत आम्हीं आदल्या दिवशीं जाऊन मोजलें, तेव्हां त्याच आयएसओवर छिद्र एफ 2.8 पर्यंत उघडूनहि सेकंदाचा आठवा भाग लागला. एफ 16 वरून एफ 2.8 वर येणें म्हणजे बत्तीस पट उजेड आंत घेणें. सव्वाशाव्या भागावरून आठव्या भागावर येणें म्हणजे सोळा पट वेळ देणें. बत्तीस सोळे पांचशें बारा. ज्या खोलींत आपण वर्तमानपत्र सुखानें वाचतों, तेथें बाहेरच्या उन्हाचा पांचशेंवा हिस्सा उजेड असतो!

आठव्या भागांत कुस्तीचें चित्र काढणें म्हणजे धुक्याचें चित्र काढणें. मल्लाचा हात सेकंदास पांच मीटर इतक्या वेगानें सहज फिरतो. तेवढ्या अवधींत तो दोन वितींहून अधिक अंतर जाईल, आणि चित्रांत हाताच्या ठिकाणीं नुसता पुसट पट्टा दिसेल. सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत मात्र तोच हात फक्त एक सेंटिमीटर सरकतो; तेवढें डोळा खपवून घेतो.

याच कारणास्तव आपल्या पणज्यांच्या काळच्या पैलवानांचीं छायाचित्रें आहेत, परंतु कुस्त्यांचीं जवळजवळ नाहींत. जुन्या तालमींच्या भिंतींवर पाहावें. छाती पुढें काढून, खांद्यावर गदा घेऊन, मिशांस पीळ देऊन पैलवान उभा आहे, आणि मागें रंगविलेला पडदा. तो गर्वानें ताठ उभा आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः कांचेच्या मंद तावदानावर चित्र उठेपर्यंत हलूं नको असें त्यास बजावलेलें असे! 1887 सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची दारू उडवून लखलखाट करण्याची युक्ति निघाली, पण तिच्या धुरानें दालन भरून जाई. 1930 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं विजेच्या झोताची नळी परिपूर्णतेस नेली. तिचा वंशज म्हणजे आजचा फ्लॅश. त्यानें अंधाराचा प्रश्न सुटला असें सर्वांस वाटलें. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें.

तें साल 1996. हा आमचा विद्यार्थी तेव्हां वीस वर्षांचा होता. वेल्ह्याच्या डोंगरांतून रोज पहांटे चार मैल पळत येणारा, घरीं गाईचें दूध व नाचणीची भाकरी यांपलीकडे खुराक नसलेला मुलगा महाविद्यालयाच्या संघांत निवडला गेला, याचें आम्हांस केवढें अप्रूप! एका नगरांतील सभागृहांत सामने होते. आमच्यापाशीं उसना आणलेला कॅमेरा, 400 आयएसओची फिल्म आणि फ्लॅश. फ्लॅशवांचून तेथें सेकंदाचा तिसावा भाग मिळाला असता, म्हणजे न मिळाल्यासारखाच. उपांत्य फेरींत आमचा मुलगा गुणांनीं पुढें होता. त्यानें प्रतिस्पर्ध्याच्या मानेंत हात घालून ढाकेची पकड घेतली, कंबर आंत शिरवली, आणि त्याचें तोंड नेमकें आमच्याकडे वळलें. आम्हीं कळ दाबली. तीन हातांवरून तो लखलखाट त्याच्या डोळ्यांत गेला. पापणी मिटली, पाऊल थबकलें, पकड निमिषभर सैल झाली. आणि तेवढ्यांत समोरच्या मुलानें खालीं शिरून पट काढला व त्यास चित केलें.

त्यानें एक शब्द उच्चारला नाहीं. कपडे करून बाहेर आला, आमच्या पायांस हात लावला आणि विचारलें, "गुरुजी, फोटो आला का?" आम्हांस वाटतें, त्यानें रागानें दोन शब्द ऐकविले असते तर तें प्रकरण तेथेंच मिटलें असतें. फोटो आला होता. त्यांत एक पांढराफटक चेहरा आहे, डोळे गच्च मिटलेले, आणि मागें मिट्ट काळोख. सभागृह नाहीं, लोक नाहींत, प्रतिस्पर्ध्याचा अर्धा हात तेवढा कोठून तरी आलेला. म्हणजे मुलाची कुस्ती गेली, आणि चित्रहि धड नाहीं. झोताचा स्वभावच असा कीं अंतर दुप्पट झालें कीं त्याचें बळ चौथाईवर येतें. जवळचें भाजून निघतें व दूरचें बुडतें. तो फोटो आम्हीं त्यास कधीं दाखविला नाहीं. "फिल्मवर उजेड गेला" असें खोटें सांगितलें. पुढें त्याचें खेळणें सुटलें, तें घरच्या शेतीमुळें. त्या एका कुस्तीमुळें नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि तो फोटो फाडण्याचा धीर झाला नाहीं, आणि फ्लॅश मात्र त्या दिवसापासून पेटींत गेला.

तेव्हां यंदा भोरास जातांना फ्लॅशचा विचारहि नव्हता. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं आपला कॅमेरा व एफ 2.8 चें भिंग दिलें. हल्लींचे कॅमेरे आयएसओ 6400 सहज पेलतात. 100 च्या चौसष्ट पट. आठव्या भागास चौसष्टांनीं भागलें कीं पांचशें बारावा भाग येतो, म्हणजे आपणांस हवा तेवढाच. चित्रांत वाळू सांडल्यासारखे कण दिसतात खरे, पण कण असलेला चेहरा हा पुसट चेहऱ्यापेक्षां केव्हांहि बरा. ज्यांच्यापाशीं कॅमेऱ्याबरोबर येणारें साधें, एफ 5.6 चें भिंग असेल, त्यांस याच्या चौथाई उजेड मिळेल हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हिशेब जुळला असें समजून आम्हीं सकाळच्या पहिल्या कुस्तीचीं वीस चित्रें घेतलीं, आणि पाहतों तों निराळीच आपत्ति. एक चित्र उजळ, पुढचें काळवंडलेलें, तिसऱ्याच्या वरच्या अर्ध्यांत पिवळट झांक, चौथ्यांत आडवा पट्टा! कॅमेरा बिघडला म्हणून आम्हीं घाबरलों. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. छतावरच्या जुन्या ट्यूबलाइटांचा होता. आपल्या घरांतील वीज सेकंदांत पन्नास फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यांत दिवा दोनदां उजळतो व दोनदां मंदावतो; म्हणजे सेकंदांत शंभर वेळां. डोळ्यास तें उमगत नाहीं. परंतु सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत आपण त्या चढउताराचा फक्त पांचवा हिस्सा पकडतों. कधीं शिखर हातीं लागतें, कधीं दरी. कांहीं नव्या कॅमेऱ्यांत हें शिखर हेरून तेवढ्यांतच पडदा उघडण्याची सोय असते. आमच्या हातांतल्या कॅमेऱ्यांत ती नव्हती. मग उपाय एकच: पडदा सेकंदाचा शंभरावा भाग उघडा ठेवणें, म्हणजे प्रत्येक चित्रास एक पूर्ण चढउतार मिळतो व सर्व चित्रें सारखीं येतात.

पण शंभराव्या भागांत हात पांच सेंटिमीटर पुसला जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

आम्हीं मॅटच्या कडेस मांडी घालून बसलों आणि एक संबंध कुस्ती कॅमेरा न उचलतां नुसती पाहिली. पाहतां पाहतां जें ध्यानांत आलें, तें खरें म्हणजे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होतें. कुस्ती एकसारखी धांवत नसते. ती धांवते आणि थांबते. सलामी झाल्यावर दोघे मनगटें व मानेची पकड घेऊन डोक्यास डोकें लावतात. तेथें सर्व शरीर ताणलेलें, परंतु जागच्या जागीं. मग पट निघतो; तो डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतो, त्याच्या मागें लागूं नये. पट धरल्यावर मात्र, खालचा उचलूं पाहतो आणि वरचा दाबून धरतो, तेथें दोन बळें समसमान होतात व क्षणभर कोणीच हलत नाहीं. कलाजंगांत प्रतिस्पर्धी खांद्यांवर पुरता चढला कीं उलथण्यापूर्वीं असाच एक क्षण येतो. उंच फेंकलेला चेंडू परत फिरण्यापूर्वीं जसा स्थिर होतो तसा. आणि शेवटीं चितपट: दोन्ही खांदे टेकविण्यासाठीं वरचा आपलें सारें वजन ओततो, खालचा मानेचा पूल करून तोलून धरतो. या सर्व जागीं शंभरावा भाग पुरतो. प्रसंगीं साठावाहि पुरतो.

म्हणजे दिव्यांनीं आमच्यावर जी सक्ति केली, ती एका अर्थीं कुस्ती कळणाराच्या पथ्यावर पडणारी होती. आमच्या शेजारीं एक तरुण गृहस्थ बसले होते. त्यांचा कॅमेरा आमच्याहून चौपट मोलाचा, आणि तो सेकंदांत दहा-बारा चित्रें घेई. त्यांनीं तासाभरांत हजारभर चित्रें घेतलीं असतील. स्वभावानें फार सज्जन. आम्हांस चहाहि पाजला. परंतु पकड सुटल्यावर त्यांचा कॅमेरा कडकडे आणि पकड बसतांना ते पडद्यावर मागचीं चित्रें चाळीत असत. डाव ओळखतां आला नाहीं तर हजार चित्रांतूनहि तो निसटतो.

चालुक्य नृपति सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत मल्लविनोद या नांवानें कुस्तीचें प्रकरण आहे. मल्लांचे वय व बळ यांप्रमाणें वर्ग, त्यांचा आहार, त्यांचे श्रम यांचा विचार त्यांत केला आहे. कुस्ती हा राजानें पाहण्याचा विनोद. म्हणजे पाहणें हीहि एक विद्याच गणली होती. आम्हीं तो भाग तरुणपणीं हौसेनें वाचला होता. त्याचा उपयोग साठी उलटल्यावर मॅटच्या कडेस बसून होईल, असें कोणी सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें.

आणखी दोन-तीन गोष्टी हातीं लागल्या, त्या थोडक्यांत सांगतों. खिडक्या आपल्या पाठीशीं असाव्यात. समोर असल्या तर मल्ल काळे ठिपके होतात. बसावें तें खालीं, मॅटच्या पातळीस, म्हणजे मल्ल मोठे दिसतात व मागच्या खुर्च्यांची गर्दी लपते. भिंत पांढरी असेल तर कॅमेरा फसतो व माणसांस काळें करतो, म्हणून उजेड कातडीवर मोजावा. निळ्या-पिवळ्या मॅटची झांक खालच्या मल्लाच्या गालावर येते. ती मागाहून थोडी कमी करतां येते. आणि पंचाकडे लक्ष असावें. पंच पोटावर आडवा होऊन खांद्यांखालीं पाहूं लागला कीं चितपट जवळ आली. त्याच्या समोरच्या बाजूस असावें, पाठीमागें नसावें. हें शेवटचें आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें.

ज्या घरांत कुस्तीचें कोणास सुतक नाहीं, त्या घरांतील मंडळींसहि यांतलें कांहीं उपयोगी पडेल. शाळेच्या स्नेहसंमेलनाचें व्यासपीठ, देवघरांतील पूजा, मुंजीच्या कार्यालयांतील मातृभोजन, येथें उजेड असाच कृपण असतो. घास तोंडाशीं आलेल्या बटूस "थांब, इकडे पाहा" म्हणून डोळ्यांत झोत सोडणारे छायाचित्रकार आपण सर्वांनीं पाहिले आहेत. घास भरवतांना आईचा हात आपोआप क्षणभर थांबतो. तेवढी वाट पाहिली तर कोणास कांहीं सांगावें लागत नाहीं.

दुपारीं आभाळ भरून आलें. परतीचा पाऊस भोरास झोडपून गेला, आणि दुसऱ्या फेरीच्या ऐन मध्यें वीज गेली. पंचांनीं शिट्टी फुंकली. दोघी मुली अंधारांत कंबरेवर हात ठेवून धापा टाकीत उभ्या राहिल्या. त्यांतली एक आमच्या विद्यार्थ्याची कन्या. वीज आली ती अर्ध्या छतावरचीच. आतां पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारा पावसाळी, करडा उजेड एका कुशीस, व ट्यूबचा हिरवट उजेड दुसऱ्या कुशीस. पडदा आम्हीं साठाव्या भागावर आणला, कोपर गुडघ्यावर टेकला आणि श्वास रोखून बसलों. बाप आमच्या मागें उभा होता. तो कुस्ती पाहत असतां त्याचा खांदा आमच्या पाठीशीं अधूनमधून झटका देई. मुलीचा प्रत्येक डाव त्याच्या अंगांत होत होता. एकाएकीं तो पुटपुटला, "शिरली!" आम्हांस दिसण्यापूर्वीं त्यास कळलें होतें. ती खालीं शिरली, समोरच्या मुलीची मांडी व दंड धरून तिला खांद्यांवर घेतली, आणि उठतांना अर्ध्यावर अडली. उलथवावयास बळ पुरेना, टाकून द्यावयास मन होईना. एवढ्या वेळांत आम्हीं दोन चित्रें घेतलीं. तिसरें घेईतों दोघी कोसळल्या होत्या.

ती कुस्ती तिनें जिंकली. शेवटची मात्र गुणांनीं हरली, आणि आमच्या विद्यार्थ्यानें जसें एकदां केलें होतें तसेंच, कांहीं न बोलतां कपडे करून बाहेर आली.

संध्याकाळीं मॅट गुंडाळीत होते, तेव्हां पायरीवर बसून आम्हीं तीं दोन चित्रें त्यास कॅमेऱ्यावर दाखविलीं. पहिल्यांत मुलीचा पाय थोडा पुसला आहे. दुसऱ्यांत सगळें स्थिर आहे; दातांनीं दाबलेला ओठ, मानेवरची शीर, आणि सताड उघडे डोळे. त्यानें पुष्कळ वेळ पाहिलें. मग आम्हीं पिशवींतून तो 1996 चा फोटो काढला व त्याच्या हातावर ठेवला, आणि फिल्म खराब झाली नव्हती, हें सांगितलें.

तो हसला. "ठाऊक होतं गुरुजी," म्हणाला, "तो झोत डोळ्यांत गेला तेव्हांच म्हटलं, फोटो आला असणार." मुलीस हांक मारून त्यानें तो तिच्यापुढें धरला. तिनें एकदां फोटो पाहिला, एकदां बापाकडे पाहिलें, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाबा, कंबर एवढी आंत घेतल्यावर पाय मागं का ठेवलात?" त्यावर तीं दोघें पायरीवरच उभीं राहून पाय कोठें हवा होता तें एकमेकांस दाखवूं लागलीं. जातांना तो जुना फोटो त्यानें मागून घेतला. नव्याच्या दोन प्रती मागितल्या. त्यांतली एक मोठी हवी, कारण वेल्ह्यास त्याच्या आईस हल्लीं अंधुक दिसतें.